परमुलखातले घर आणि त्याचे भाडे

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. खेड तालुक्यातला मुलगा. बी. ए. ला इतिहास घेतला होता, पुढे दुबईला नोकरीला लागला. आंब्यांची पेटी ओटीवर ठेवून तो आत आला आणि पिशवीतून दोन वस्तू काढून त्याने टेबलावर मांडल्या. एक होते गुळगुळीत कागदावर छापलेले रंगीत माहितीपत्रक. दुसरी होती एक जुनी, वाळवीने कडा खाल्लेली वही.

"सर, दुबईत एक फ्लॅट घ्यावा म्हणतो. राहायला नाही, भाड्याने द्यायला. आणि ही वही पणजोबांची. अब्बा म्हणाले, आधी सरांना दाखव आणि मग काय ते ठरव."

वही केपटाउनची होती. दुकानामागे तीन खोल्या होत्या आणि त्या भाड्याने दिल्या होत्या, त्यांचा हिशेब. महिन्यांची नावे इंग्रजी, रक्कम पौंड-शिलिंगात, आणि बाजूचा तपशील आपल्या मराठीत : कोणी किती दिले, कोणाचे राहिले, छपराला किती खर्च आला. असे पंधरावीस पाने चालते आणि एका पानाच्या मध्यावर एकदम थांबते. घरात सांगतात ते असे, की पणजोबा मुलीच्या लग्नाला गावी आले, इथे आजारी पडले, परत जाण्याच्या परवान्याची मुदत टळली. दुकान आणि खोल्या भागीदाराकडे होत्या. त्याने काही वर्षे पैसे धाडले. पुढे ते येईनासे झाले. बस, एवढेच.

वाचकहो, फ्लॅट घ्यावा की न घ्यावा हे सांगणे इतिहासाच्या मास्तराचे काम नव्हे. परंतु परक्या देशात राहून तिथे भाड्याची घरे बांधणाऱ्या आपल्या माणसांचे आजवर काय झाले, एवढे मला ठाऊक होते. तेच त्याला सांगितले, आणि तेच इथे लिहितो.

केपटाउनपासूनच सुरुवात करू. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची हकीकत बहुधा १८६० सालापासून सांगतात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'ट्रुरो' नावाचे जहाज मद्रासहून उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिये मजूर घेऊन डर्बनला लागले. आपले कोकणी लोक त्या जहाजातले नव्हेत. ते नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेले. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले मुसलमान त्यांत पुष्कळ होते, आणि त्यांतले बरेच जण नाताळात न थांबता थेट केपटाउनला गेले. तिथे कोपऱ्यावरचे किराणा दुकान टाकायचे, मागे राहायचे, जमले तर शेजारची खोली बांधून भाड्याने द्यायची, हा त्यांचा क्रम. केपच्या वसाहतीत हिंदी माणसाला जमीन-घर विकत घेण्याची त्या काळी मनाई नव्हती. म्हणजे मालकीच्या बाजूने पाहिले तर सारे ठाकठीक होते.

अडचण होती ती माणसाच्या येण्याजाण्यात. केप सरकारने १९०२ साली कायदा करून नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली. १९०६ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले : जो हिंदी मनुष्य आधीच तिथे राहत होता, त्यालाही गावी जायचे तर परतीचा परवाना घेऊन जावे लागे. त्या परवान्यावर फोटो, अंगठ्याचा ठसा आणि परतण्याची मुदत. मुदतीत परत आला नाही तर दार बंद. आणि आमच्या कोकणी माणसाचे बिऱ्हाड कुठे? तर खेडला, दापोलीला, मंडणगडला. बायको-मुले इकडे, दुकान तिकडे. त्यामुळे दर काही वर्षांनी त्याला समुद्र ओलांडावा लागेच. घर त्याच्या नावावर होते, पण त्या घरापर्यंत पोहोचण्याचा हक्क तेवढा त्याच्या नावावर नव्हता. वहीच्या त्या अर्ध्या पानाचा अर्थ मी असा लावतो.

केप सोडून उत्तरेला ट्रान्सवालात गेलो की मामला उलटा होतो. तिथे १८८५ चा तिसरा कायदा होता. आशियाई माणसाला नागरिकत्व नाही आणि स्थावर मिळकत त्याच्या नावावर होणार नाही, असे त्या बोअर सरकारने ठरवले. ब्रिटिशांनी तक्रार केल्यावर दुसऱ्या वर्षी दुरुस्ती झाली ती एवढीच, की आरोग्यासाठी म्हणून सरकार जे मोहल्ले नेमून देईल तेवढ्यात त्यांना जागा घेता येईल. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटने तर १८९१ मध्ये हिंदी व्यापाऱ्यांना साफच बाहेर घातले. ट्रान्सवाल पुढे इंग्रजांनी जिंकले, त्या युद्धाच्या कारणांत हिंदी प्रजेची गाऱ्हाणीही त्यांनी मोजून दाखवली होती. पण जिंकल्यावर तो कायदा मात्र जसाच्या तसा ठेवला!

मग आपले लोक काय करीत? व्यापाऱ्याची जात, वाट काढणारच. पैसे हिंदी माणसाचे, खरेदीखत एखाद्या विश्वासू गोऱ्याच्या नावाने. आपल्याकडे याला बेनामी व्यवहार म्हणतात. तिथे तो उघड चाले आणि सगळ्यांना ठाऊक असे. गोरा मित्र भला असला तर निभावून जाई. परंतु भला माणूसही कधीतरी मरतो, कर्जबाजारी होतो, आणि मग त्याच्या वारसांना किंवा सावकारांना तुमची दोस्ती ठाऊक नसते. शिवाय कायद्याची पाचर कुठून बसेल याचा नेम नाही. प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर अबूबकर अमोद नावाच्या व्यापाऱ्याची जागा होती, ती १८८५ च्या आधी घेतलेली. म्हणजे घेतली तेव्हा सारे कायदेशीर. तो वारला, आणि जागा वारसांच्या नावे लावायची वेळ आली तेव्हा तोच १८८५ चा कायदा आड आला. गांधीजी त्या वेळी तिथे वकिली करीत होते. 'इंडियन ओपिनियन' हे त्यांचे पत्र १९०३ पासून निघत होते आणि या प्रकरणाची दाद त्यात मागितलेली आहे.

दुसरी वाट याहून हुशारीची. क्रुगर्सडॉर्प नावाचे गाव जोहान्सबर्गजवळ आहे. तिथे सुरतेकडचे दादू नावाचे व्यापारी होते. त्यांनी कंपनी काढली : दादू लिमिटेड. एकंदर शेअर दीडशे. त्यांतले १४९ दादूंचे, उरलेला एक दुसऱ्या एका हिंदी गृहस्थाचा. या कंपनीने १९१५ साली गावात दोन जागा विकत घेतल्या आणि त्यांतली एक भाड्याने दिली. कोणाला? तर दादूंनाच! म्हणजे मालक तेच, भाडेकरू तेच, मध्ये कागदाची कंपनी. नगरपालिका कोर्टात गेली. हा सरळ सरळ कायद्याला बगल देण्याचा प्रकार आहे, असे तिचे म्हणणे. खटला शेवटच्या कोर्टापर्यंत गेला आणि १९२० साली मुख्य न्यायाधीश इनेस यांच्या न्यायासनाने बहुमताने निकाल दिला तो दादूंच्या बाजूने. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, तिचे शेअर कोणाचे का असेनात. कंपनीला वंश नसतो, असे तात्पर्य. वकिलीच्या पुस्तकांतून हा खटला आजही शिकवतात. या दादूंचा मुलगा म्हणजेच पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी जनतेचे पुढारी झालेले डॉ. युसूफ दादू.

खटला जिंकला खरा, पण निकाल लागण्याआधीच १९१९ साली सरकारने नवा कायदा करून असल्या कंपन्यांची पुढची वाट बुजवली होती. १९३२ मध्ये तिला आणखी कुलपे पडली. हे असे पुढे पुष्कळ वर्षे चालले. आपण एक फट शोधायची, त्यांनी ती लिंपायची.

नाताळात डर्बनला हिंदी लोक चांगल्या वस्तीत घरे घेऊ लागले तशी गोऱ्यांची ओरड वाढली. त्यातून १९४३ चा 'पेगिंग ॲक्ट' निघाला आणि १९४६ मध्ये हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर कायमचे निर्बंध घालणारा कायदा, ज्याला आपल्या लोकांनी 'घेट्टो ॲक्ट' हे नाव दिले. इथे एका मराठी गृहस्थाची आठवण काढली पाहिजे. त्या सुमारास व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे होते. जन्म पनवेलचा, कारकीर्द नागपूरची. त्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळांचे पुष्कळ मतभेद आहेत, माझेही आहेत. परंतु या बाबतीत मनुष्य ताठ उभा राहिला. तुम्ही आमच्या माणसांना जे निर्बंध लावाल ते आम्ही तुमच्या माणसांना इथे लावू, अशा अर्थाचा १९४३ चा परस्परतेचा कायदा त्यांच्या कारकिर्दीत १९४४ अखेर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अमलात आला. १९४६ मध्ये हिंदुस्थानने त्या देशाशी व्यापारच तोडला. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, हे ध्यानात घ्या. त्याच वर्षी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे गेला. विजयालक्ष्मी पंडित आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. ८ डिसेंबरला ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव आपल्या बाजूने झाला. घराच्या खरेदीखताचा तंटा जगाच्या पंचायतीपुढे गेला तो असा.

ठरावाने घरे मात्र वाचली नाहीत. १९५० साली 'ग्रुप एरियाज ॲक्ट' आला. शहराचा कोणता भाग कोणत्या वंशाचा हे सरकार ठरवणार, आणि चुकीच्या भागात ज्याचे घर असेल त्याने उठायचे. आता केपमधली जुनी मोकळीकही संपली. केपटाउनच्या ज्या 'डिस्ट्रिक्ट सिक्स' भागात आपल्या कोकणी लोकांची दुकाने होती, तो ११ फेब्रुवारी १९६६ रोजी गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला. साठ हजारांच्या आसपास माणसे तिथून हलवली गेली आणि घरे जमीनदोस्त झाली.

आता पूर्व आफ्रिका. तिथली कथा थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. मोंबासापासून आत जाणाऱ्या युगांडा रेल्वेचे काम १८९६ ते १९०१ चालले, त्यासाठी बत्तीस हजारांच्या घरात हिंदी मजूर नेले. त्यांच्या मागोमाग कारकून, सुतार, गवंडी, दुकानदार गेले. कोकणी, गुजराती, पंजाबी, गोवेकर असे सगळे. केनियातली उंचावरची थंड, सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली. १९२३ च्या श्वेतपत्रिकेने ते पक्के केले. शेतजमीन मिळत नाही म्हटल्यावर हिंदी माणसाचा पैसा कुठे जाणार? तो शहरातल्या इमारतींत गेला. खाली दुकान, वर बिऱ्हाडे. नैरोबी, मोंबासा, दारेसलाम, कंपाला या शहरांच्या मुख्य रस्त्यांवर अशा इमारती उभ्या राहिल्या. आपले लोक मुळातच घरभाड्याच्या मोहात पडले होते असे नव्हे. बाकीच्या वाटा बंद होत्या म्हणून ते त्या वाटेला लागले. हे समजून घेतले नाही तर पुढच्या घटनांचा उलगडा होत नाही.

युगांडात काय झाले ते जगजाहीर आहे. ४ ऑगस्ट १९७२ रोजी अमीनने घोषणा केली आणि नव्वद दिवसांत लोकांना देश सोडावा लागला. मला विचाराल तर आपल्या विषयासाठी टांझानियाचा दाखला अधिक बोलका आहे. तिथे कोणाला हाकलले नाही, लूटमार झाली नाही. एप्रिल १९७१ मध्ये संसदेने इमारतींच्या संपादनाचा कायदा केला. ज्या इमारतीची किंमत एक लाख शिलिंगांहून जास्त आणि जिच्यात मालक एकटा राहत नाही, म्हणजे काही भाग भाड्याने दिलेला आहे, ती इमारत सरकारची. इमारत दहा वर्षांहून जुनी असेल तर भरपाई नाही. तेवढ्या वर्षांत भाड्यातून तुमची किंमत वसूल झाली असे सरकारचे म्हणणे. कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेही नाही. तरी ज्यांच्या इमारती गेल्या ते बहुतेक सारे हिंदी वंशाचे, कारण भाड्याच्या इमारती त्यांच्याच होत्या. इमारतींसाठी नेमलेल्या सरकारी रजिस्ट्रारकडे भाडे जमा होऊ लागले. आणि ज्या मालकाने खाली भाडेकरू ठेवून वरच्या मजल्यावर स्वतःचा संसार मांडला होता, तोही महिन्याच्या महिन्याला त्या रजिस्ट्रारकडे स्वतःच्या घराचे भाडे भरू लागला. क्रुगर्सडॉर्पचे दादू स्वतःच्या घराचे भाडेकरू झाले होते ते आपल्या हुशारीने. हे झाले सक्तीने.

ब्रह्मदेशाची गोष्ट सांगताना रत्नागिरीकराला जरा वेगळे वाटते. थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेहून उचलले आणि पुढल्या एप्रिलात इथे आणून ठेवले. आपण ज्याला आज थिबा राजवाडा म्हणतो तो १९१० मध्ये तयार झाला. तोवर चोवीस वर्षे हा राजा साहेबांच्या जुन्या बंगल्यांतून राहत होता. परक्या देशातला, परवानगीशिवाय गाव न सोडू शकणारा रहिवासी. आणि नेमक्या त्याच काळात त्याच्या मुलखात, रंगूनमध्ये, हिंदुस्थानातून गेलेले लोक चाळी बांधीत होते, घरभाडी वसूल करीत होते! १९३१ च्या शिरगणतीत रंगूनमधली निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी बाँब पडले आणि लाखो माणसे डोंगर-जंगलांतून चालत आसाम-बंगालकडे निघाली. जे युद्धानंतर परतले त्यांचे दुकान-धंदे १९६४ मध्ये राष्ट्रीय मालकीचे झाले.

इथवर ऐकल्यावर माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे सगळीकडे आपल्यावर अन्यायच झाला." मी त्याला म्हटलं, थांब. आधी आपल्या तालुक्यात ये.

रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा जिल्हा. खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून वसूल करी. वसूल करताना काय काय करी ते इथल्या कुणबी आणि महार कुटुंबांना विचारावे. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबई विधिमंडळात मांडले ते १७ सप्टेंबर १९३७ रोजी. कायदा झाला १९४९ साली. त्याच्याच जोडीने १९४८ चा कूळकायदा, आणि त्याच्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन : त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा खरेदीदार मानला गेला. अज्ञान मुले, विधवा, अपंग मालक यांना त्यात सवलत होती. आफ्रिकेत किंवा मुंबईत नोकरीला असणे ही सबब त्यात बसत नव्हती. तेव्हा केपटाउनच्या खोलीचे भाडे येईना म्हणून रडणाऱ्या कित्येक घरांची गावातली खंडाची जमीनही कुळाकडे गेली. दोन्हीकडे मालक जागेवर नव्हता. पण दोन्हीकडचा कायदा एका मापाने मोजता येत नाही. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये दुकानदाराला त्याच्या कातडीवरून उठवले. इथे राबणाऱ्याला त्याच्या राबण्यावरून जमीन मिळाली. आणि दारेसलामच्या आफ्रिकी भाडेकरूच्या डोळ्यांनी पाहिले तर वरच्या मजल्यावरचा आपला माणूस कोण दिसत असेल? मला वाटते, खोतच. त्या घरमालकाला हे कधी उमगले असेल असे मला वाटत नाही. तो स्वतःला गरीब, परका, राखून असणारा समजत होता, आणि तेही खोटे नव्हते.

बोलता बोलता दुपार झाली. त्याचा खरा प्रश्न तसाच राहिला होता, म्हणून त्यावर चार शब्द. दुबईच्या राज्यकर्त्यांनी २००२ मध्ये परक्यांना ठरावीक भागांत घर विकत घेण्याची मुभा जाहीर केली आणि २००६ च्या सातव्या कायद्याने ती पक्की केली. याआधी कोकणातून आखातात गेलेल्या एका अख्ख्या पिढीने तिथे फक्त भाडे भरले आणि घरे बांधली ती गावी. २००८ मध्ये तिथले भाव कोसळले, काही इमारतींचे खांब तेवढे उभे राहिले. खरेदीदाराचे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवण्याची सक्ती २००७ च्या कायद्याने केली होती, तिचे मोल तेव्हा कळले. आपल्याकडच्या कायद्याने पाहता, परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता माणूस इथे परत आला तरी ठेवू शकतो. इथे राहणाऱ्यालाही २००४ पासून बाहेर पैसे नेऊन घर घेण्याची सवलत आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. मात्र इथला रहिवासी झाल्यावर त्या भाड्यावर इथे कर लागतो आणि ते घर विवरणपत्रात दाखवावे लागते, हे पुष्कळ जण विसरतात. आणि उलट बाजूही त्याला सांगितली : भारतात न राहणाऱ्या, मूळ भारतीय नसलेल्या परदेशी नागरिकाला आपण इथे घर विकत घेऊ देत नाही, पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने घेऊ देतो. तेव्हा दुसऱ्याच्या दारावरचा कायदा वाचताना फार रागावू नये.

"तुझा तिथला राहण्याचा परवाना नोकरीवर आहे ना?" मी विचारले.

"हो. पण घराची किंमत मोठी असली तर घरावरही मिळतो, सर."

"आणि तू इथे आजारी पडलास तर भाडे कोण वसूल करील?"

"कंपनी असते. टक्केवारी घेते." मग थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "म्हणजे भागीदार."

माहितीपत्रक त्याने पिशवीत घातले. फ्लॅट घेणार की नाही ते तो बोलला नाही, मीही विचारले नाही. वहीवर मात्र त्याचा हात बराच वेळ होता. शेवटी त्याने विचारले, की या केपटाउनच्या खोल्यांवर आता काही दावा लागेल का. दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये जमिनी परत देण्याचा कायदा केला आहे हे मी सांगितले. पण तो वंशभेदाच्या कायद्यांनी ज्यांची मिळकत गेली त्यांच्यासाठी. आणि दावे दाखल करण्याची पहिली मुदत ३१ डिसेंबर १९९८ लाच संपली. पुढे २०१४ मध्ये ती पुन्हा उघडली, तर दोनच वर्षांत तिथल्या घटनापीठाने तो कायदा रद्द ठरवला. शिवाय पणजोबांच्या खोल्या कोणत्या कायद्याने गेल्या हे दाखवायचे कसे? त्या गेल्या मुलीच्या लग्नाने, तापाने, एका परवान्याच्या तारखेने आणि एका भागीदाराच्या मौनाने.

"मग ही वही कॉलेजात ठेवून घ्या," तो म्हणाला. मी म्हटलं, नको, तुझ्या घरातच राहू दे, मी फक्त उतरवून घेतो. चार दिवसांनी तो दुबईला गेला. वही त्याच्या अब्बांनी मला महिनाभर वापरायला दिली आहे, आणि सध्या मी छपराच्या खर्चाच्या पानापर्यंत आलो आहे.